मोटरची बॉडी वारंवार जाते? मटेरियल बदलण्याआधी हे तपासा

तक्रार साधारण अशी असते. मोटरचा पाय तुटला म्हणून नवी बॉडी बसवली, काही महिन्यांत त्याच कोपऱ्यातला पाय पुन्हा तुटला. किंवा बिडाची (कास्ट आयर्नची) मोटर फार तापते म्हणून अ‍ॅल्युमिनियमची आणली, तर तीही तेवढीच तापते आणि वर तिची बेअरिंग टिकेनात. मग कोणीतरी म्हणतं, "मटेरियलच चुकलंय, स्टीलची बॉडी घेऊ." खरेदी विभागाला हे पटतं, कारण एका ओळीत लिहून देता येतं.

मटेरियल खरोखर चुकलेलं असू शकतं. पण अशी प्रकरणं ठरावीक आहेत आणि प्रत्येक प्रकारचा दोष बॉडीवर आपली खूण सोडून जातो. ती खूण न पाहता बीड सोडून अ‍ॅल्युमिनियमवर किंवा अ‍ॅल्युमिनियम सोडून स्टेनलेसवर गेलात, तर बिघाड थांबत नाही, फक्त जागा बदलतो. आधी पाय तुटत होता, आता बोल्ट तुटतो. आधी फिन (बॉडीवरच्या उष्णता घालवणाऱ्या पात्या) गंजत होत्या, आता वाइंडिंग जळते.

तुटलेला तुकडा जपून ठेवा

मेंटेनन्सवाले सगळ्यात आधी तुटका पाय भंगारात टाकतात. तो आठवडाभर तरी टेबलावर राहू द्या, कारण तुटलेला पृष्ठभाग बरंच काही सांगतो. बिडाचा तुकडा सगळीकडे सारखा, करडा आणि दाणेदार दिसत असेल, तर तो एका झटक्यात तुटला आहे: मोटर उचलताना आपटली, बेस वाकडा असताना बोल्ट आवळला किंवा चालू यंत्र अचानक अडकलं. याउलट पृष्ठभागाचा एक भाग काळपट, गंजलेला किंवा तेलकट असेल आणि उरलेला स्वच्छ असेल, तर तडा जुना आहे. तो हळूहळू वाढत गेला आणि शेवटी उरलेल्या भागाने दम सोडला. अ‍ॅल्युमिनियम आणि स्टीलमध्ये अशा थकव्याच्या तड्यावर वाळूवर लाटांनी सोडाव्यात तशा बारीक रेषा दिसतात. बिडात त्या क्वचितच नीट दिसतात, म्हणून तिथे रंगातला फरक शोधायचा.

झटक्याने तुटलेल्या पायासाठी जास्त चिवट मटेरियलचा विचार करता येतो. थकव्याने तुटलेल्यासाठी आधी भार कुठून येतो ते शोधावं लागतं. दर फेऱ्याला पाय वाकवणारं काहीतरी जागेवर तसंच असेल, तर चांगलं मटेरियल फक्त तारीख पुढे ढकलतं.

तुकडा हातात असतानाच भिंतीची जाडी मोजा आणि आत ओतकामाची पोकळी आहे का पाहा. प्रेशर डायकास्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये बारीक छिद्रं थोडीफार असतातच. पण तडा नेमका छिद्रांच्या झुबक्यातून सुरू झाला असेल, तर दोष अ‍ॅल्युमिनियम या धातूचा नाही, त्या ओतकामाचा आहे.

पाय तुटतो: बीड दाबाला बळकट, ताणाला कमजोर

राखाडी बिडात ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांचं जाळं असतं. त्यामुळे ते कंप चांगलं शोषतं, सहज मशिन होतं, पण ताणलं की प्रत्येक पापुद्रा तड्याची सुरुवात ठरू शकतो. दाबाखालची त्याची ताकद ताणाखालच्या ताकदीच्या तीन-चार पट असते आणि तुटण्याआधी ते जेमतेम एक टक्काही लांबत नाही. म्हणून पाय चारही ठिकाणी सपाट टेकलेला असेल, तर बिडाची बॉडी वर्षानुवर्षं निमूट बसते. एक पाय अधांतरी असताना बोल्ट आवळला, तर तोच पाय मुळाशी वाकतो आणि हा ताण मोटर सुरू होण्याआधीच त्यात भरून राहतो.

तपासणी सोपी आहे. चारही बोल्ट घट्ट असताना एका पायावर डायल गेज लावा आणि फक्त तोच बोल्ट सैल करा. पाय ०.०५ मिमीपेक्षा जास्त वर उठला, तर तो नीट टेकत नव्हता. बोल्ट परत आवळा आणि पुढच्या पायाकडे जा. उठणाऱ्या पायाखाली फीलर गेज चारही कडांनी घालून पाहा. एका कडेला जाते आणि दुसरीला जात नाही, असं झालं तर तिथे फट नाही, कोन आहे. कोन शिमने (पायाखाली घालायच्या पातळ पत्र्याने) भरत नाही. बेस मशिन करावा लागतो किंवा पाचरीसारखा तुकडा बनवून घ्यावा लागतो. एकाखाली एक सहा पातळ शिम रचलेल्या दिसल्या, तर त्या काढून एक जाड आणि एखादी पातळ ठेवा. शिमची चळत स्प्रिंगसारखी दबते.

पट्ट्यावर चालणाऱ्या मोटरमध्ये तुटलेला पाय कोणत्या बाजूचा आहे हे नक्की लिहून ठेवा. पट्टा मोटरला ज्या बाजूला ओढतो त्याच्या विरुद्ध बाजूचे पाय वर उचलले जातात, म्हणजे त्यांनाच वाकण्याचा ताण येतो. शाफ्टच्या बाजूचा, ओढीच्या विरुद्ध अंगाचा पाय वारंवार जात असेल, तर पट्टा जास्त ताणलेला आहे, पुली शाफ्टच्या टोकाकडे फार बाहेर बसवली आहे किंवा पुलीचा व्यास फार लहान निवडला आहे. या तिन्हींवर स्टीलची बॉडी हा इलाज नाही. पाय वाचला तर पुढचा बळी शाफ्ट किंवा बेअरिंग असेल.

हे सगळं ठीक निघालं आणि यंत्रच असं असेल की झटके टळत नाहीत, जसे क्रशर, श्रेडर किंवा मोठी व्हायब्रेटिंग चाळणी, तर एसजी आयर्न मागा. त्यात ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात असतं. आयएसओ १०८३ या त्याच्या मानकातल्या ४००-१५ या श्रेणीचा अर्थच ४०० मेगापास्कल ताणबळ आणि तुटण्याआधी १५ टक्के लांबण असा आहे. कंप शोषण्यात ते राखाडी बिडापेक्षा कमी पडतं, उष्णताही थोडी कमी वाहतं, पण झटक्याला तडकत नाही. फार थंड जागेसाठी ४००-१८ एलटी ही श्रेणी आहे. मोठ्या मोटरसाठी प्लेट वेल्ड करून केलेली स्टीलची बॉडी हा दुसरा रस्ता. तिथे एकच प्रश्न विचारा: वेल्डिंगनंतर आणि मशिनिंगच्या आधी ताणमुक्तीसाठी बॉडी भट्टीत गेली होती का? गेली नसेल, तर मोटर तापू-थंडावू लागली की वेल्डचे ताण सुटतात, बॉडी किंचित पिळते आणि टेकलेला पाय पुन्हा अधांतरी होतो.

तुटलेला बिडाचा पाय निकेल रॉडने वेल्ड करावा का? तात्पुरतं पाणी अडवायला फिन किंवा कव्हर जोडणं समजू शकतो. भार घेणाऱ्या पायासाठी मी तो सल्ला देणार नाही. वेल्डच्या कडेचा पट्टा कडक आणि ठिसूळ होतो आणि पुढचा तडा बहुतेक वेळा तिथूनच जातो.

मोटर तापते: धातूची वाहकता इथे फार काही ठरवत नाही

हा गैरसमज इतका पक्का बसला आहे की आकडे मांडावेच लागतील. अ‍ॅल्युमिनियम बिडापेक्षा उष्णता कितीतरी जास्त वाहतं हे खरंच. राखाडी बीड मीटरला अंशामागे साधारण ५० वॅट, डायकास्टिंगचं अ‍ॅल्युमिनियम मिश्रण १०० च्या आसपास, सिलिकॉनचं एलएम ६ सारखं मिश्रण १४० च्या आसपास, एक्स्ट्रुड केलेलं अ‍ॅल्युमिनियम २०० पर्यंत आणि स्टेनलेस फक्त १५. एवढं पाहून वाटतं, चला, अ‍ॅल्युमिनियम घेतलं की मोटर गार.

आता एक मोटर धरू, जिच्या बॉडीतून ५०० वॅट उष्णता बाहेर पडायची आहे. साधारण ५.५ किलोवॅटच्या चांगल्या मोटरचा तोटा याच सुमाराचा असतो. स्टेटर (बॉडीत घट्ट बसवलेला, वाइंडिंग असलेला स्थिर गाभा) आणि बॉडी एकमेकांना टेकतात ते क्षेत्रफळ ०.१ चौरस मीटर आणि भिंत ६ मिमी धरा. बिडाच्या भिंतीतून ही उष्णता पार व्हायला ०.६ अंशाचा फरक पुरतो. एलएम ६ असेल तर ०.२ अंश. म्हणजे बॉडी बदलून भिंतीत वाचले ०.४ अंश.

बॉडीपासून हवेपर्यंतचा हिशेब मात्र वेगळा आहे. फिन धरून बाहेरचं क्षेत्रफळ ०.४ चौरस मीटर आणि पंख्याच्या वाऱ्यात चौरस मीटरला अंशामागे ४० वॅट उष्णता जाते असं धरलं, तर बॉडी हवेपेक्षा ३१ अंश जास्त तापलेली राहते. त्या फिनवर ३ मिमी कोरडी धूळ किंवा कापसाचं तुसं चढलं, की आणखी ३० ते ४० अंशांची भर. पाच हात रंग मारून अर्धा मिलीमीटर थर झाला असेल, तर सुमारे ३ अंश. आणि स्टेटर व बॉडी यांच्यात ०.०५ मिमीची हवेची फट राहिली, तर एकट्या तिच्यामुळे ९ अंश.

ही ओळ पुन्हा वाचा. केसाएवढी फट ९ अंश खाते आणि धातू बदलून मिळतो अर्धा अंश. फिनमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा थोडा फायदा आहे, तोही सांगतो: ३० मिमी उंच आणि ४ मिमी जाड फिन बिडाची असेल तर ती तिच्या आदर्श क्षमतेच्या ९० टक्के काम करते, अ‍ॅल्युमिनियमची ९६ टक्के. म्हणजे त्या ३१ अंशांतले दोनेक अंश. वाइंडिंगचं आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मं होतं, त्यामुळे दोन अंशही फुकट घालवू नयेत. पण तापमानाची तक्रार दोन अंशांसाठी येत नसते.

म्हणून तापणाऱ्या मोटरकडे या क्रमाने पाहा. पंख्याच्या कव्हरची जाळी बंद आहे का, पंखा योग्य व्यासाचा आणि उलटा न बसवलेला आहे का, भिंतीपासून हवा आत यायला जागा आहे का. मग फिन स्वच्छ करा आणि त्याच भारावर पुन्हा तापमान घ्या. मग तिन्ही फेजचा करंट आणि व्होल्टेजचा असमतोल. ड्राइव्हवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणावर) चालणारी मोटर कमी वेगात जास्त टॉर्क देत असेल, तर शाफ्टवरचा पंखाही हळू फिरतोय. तिला वेगळ्या मोटरवर चालणारा पंखा लागतो, जगातली कोणतीही बॉडी तिथे उपयोगी नाही. जागा समुद्रसपाटीपासून १००० मीटरच्या वर किंवा भोवतालची हवा ४० अंशांच्या वर असेल, तर नेमप्लेटवरची ताकद मुळात तुम्हाला मिळत नाही, कारण आयईसी ६००३४-१ हे मोटरचं मानक ती त्या मर्यादेपर्यंतच गृहीत धरतं.

स्टेनलेसबद्दल एक गोष्ट इथेच. ती मोटर जास्त तापते याचं खापर लोक १५ वॅटच्या वाहकतेवर फोडतात. ४ मिमीच्या भिंतीत तो फरक जेमतेम सव्वा अंश भरतो. खरं कारण म्हणजे धुण्यासाठी गुळगुळीत ठेवलेली, फिन नसलेली बॉडी. वरच्याच हिशेबात क्षेत्रफळ ०.४ वरून ०.१५ चौरस मीटरवर आलं, की ३१ चे ८३ अंश होतात. म्हणून बिडाच्या मोटरच्या जागी त्याच फ्रेमची (बॉडीच्या मापाची), त्याच किलोवॅटची स्टेनलेस मोटर बसवण्याआधी उत्पादकाकडून पूर्ण भारावरची तापमानवाढ लेखी घ्या. बऱ्याचदा एक फ्रेम मोठी घ्यावी लागते.

अ‍ॅल्युमिनियम आल्यापासून बेअरिंग टिकत नाही

या तक्रारीत मात्र मटेरियलचा थेट हात असतो. कारण आहे प्रसरण. अ‍ॅल्युमिनियम एका अंशाला, एका मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन वाढतं. बेअरिंगचं स्टील १२, बीड १० ते ११. मोटरच्या टोकाला असलेल्या बिडाच्या कव्हरमधली बेअरिंग तापली तर तिची बैठक जवळपास तशीच राहते. अ‍ॅल्युमिनियमच्या कव्हरमध्ये बैठक बेअरिंगपासून दूर सरकते.

६२०५ बेअरिंग घ्या. बाहेरचा व्यास ५२ मिमी. कव्हरचा भोक एच ७ टॉलरन्समध्ये म्हणजे शून्य ते ३० मायक्रॉन मोठा, बेअरिंग शून्य ते १३ मायक्रॉन लहान. थंड असताना सगळ्यात सैल जोडी ४३ मायक्रॉनची. तापमान ५० अंशांनी वाढलं की त्यात आणखी २९ मायक्रॉनची भर पडते. आता बेअरिंगची बाहेरची कडी, म्हणजे रेस, बैठकीत हळूहळू फिरू लागते. अ‍ॅल्युमिनियम मऊ असल्याने बैठक झिजते, झीज वाढली की रेस आणखी फिरते.

खूण स्पष्ट असते. रेसचा बाहेरचा पृष्ठभाग आरशासारखा चकाकतो किंवा त्यावर तांबूस-तपकिरी डाग पडतात आणि बैठकीत काळी-करडी भुकटी सापडते. बेअरिंगच्या आतले मार्ग मात्र बऱ्याचदा चांगल्या स्थितीत असतात. अशी बेअरिंग 'खराब कंपनीची' म्हणून बदलली जाते आणि नवी त्याच झिजलेल्या बैठकीत बसवली जाते.

वर्कशॉपमध्ये यावर सर्रास होणारा इलाज म्हणजे बैठकीत सेंटर पंचचे ठिपके मारून ती 'घट्ट' करणं. हे बंद करा. रेस फक्त त्या ठिपक्यांच्या टोकांवर टेकते, गोलाई बिघडते आणि मऊ टोकं पहिल्याच आठवड्यात दबतात. रिटेनिंग कंपाउंड (बेअरिंग बैठकीत चिकटवणारा द्राव) पंचपेक्षा बरं, पण जी बेअरिंग शाफ्टच्या वाढीबरोबर सरकायला मोकळी ठेवलेली असते तिला ते लावलं, तर शाफ्ट लांबल्यावर दोन्ही बेअरिंगवर आडवा दाब येतो. आधी ड्रॉइंगमध्ये पाहा कोणती बेअरिंग अडवलेली आहे आणि कोणती मोकळी. खरा इलाज म्हणजे बैठक बोअर करून स्टीलची किंवा बिडाची बुश बसवणं आणि ती मूळ मापाला मशिन करणं. नवी मोटर घेताना विचारायचं ते हेच: अ‍ॅल्युमिनियमच्या कव्हरमध्ये बेअरिंगसाठी स्टीलची बुश ओतलेली आहे का, नाहीतर रेस फिरू नये म्हणून ओ-रिंग किंवा दुसरी काही सोय आहे का? काही उत्पादक बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आणि दोन्ही कव्हरं बिडाची देतात. मला हा मधला मार्ग बऱ्याच ठिकाणी सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

हेच गणित स्टेटरलाही लागू आहे. स्टेटरचा बाहेरचा व्यास २०० मिमी, तो ८० अंशांनी तापला आणि अ‍ॅल्युमिनियमची बॉडी ६० अंशांनी, तर स्टेटर वाढतो ०.१८ मिमी आणि बॉडी ०.२८ मिमी. थंड असताना दिलेली घट्ट बसणी ०.१ मिमीने कमी झाली. उत्पादकाने ती हिशेबात धरलेली असते. अडचण येते रिवाइंडिंगनंतर. जुनी वाइंडिंग काढायला स्टेटर बॉडीसकट भट्टीत घातला आणि तापमान ३५० अंशांच्या आसपास गेलं, की अ‍ॅल्युमिनियमची बॉडी मऊ पडते, गोलाई सोडते आणि स्टेटरवरची पकड कायमची सैल होते. त्यानंतर मोटर जास्त तापते, कारण वर सांगितलेली फट तयार झाली. कधी कधी सुरू होताना स्टेटर आतल्या आत थोडा फिरतो आणि टर्मिनल बॉक्समधल्या वायरी ताणल्या किंवा कापल्या जातात. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या तापणाऱ्या मोटरबद्दल माझा पहिला प्रश्न हाच असतो की ती आधी रिवाइंड झाली होती का, आणि वाइंडिंग कशी काढली. स्टेटर बॉडीतून बाहेर काढून मगच जाळायला हवा होता.

अलाइनमेंटबद्दलही दोन वाक्यं. शाफ्टची उंची १६० मिमी आणि बॉडी सरासरी ४० अंशांनी तापली, तर बिडाची मोटर शाफ्ट सुमारे ०.०७ मिमी वर उचलते, अ‍ॅल्युमिनियमची ०.१५ मिमी. बिडाच्या मोटरसाठी ठरवलेली थंड अलाइनमेंटची मापं अ‍ॅल्युमिनियमच्या मोटरला तशीच वापरली आणि कपलिंगचं रबर लवकर जाऊ लागलं, तर त्या ०.०८ मिमीवर आधी संशय घ्या.

गंज: कशाने धुता ते आधी सांगा

'गंज लागतो' एवढी तक्रार पुरेशी नाही. लाल पापुद्रे, पांढरी भुकटी आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे ही तीन वेगळी दुखणी आहेत.

पांढरी भुकटी अ‍ॅल्युमिनियमची. त्याच्या अंगावरचा ऑक्साइडचा पापुद्रा साधारण पीएच ४ ते ८.५ या पट्ट्यात टिकतो. कॉस्टिक सोड्याचा एक-दोन टक्क्यांचा धुण्याचा द्रावसुद्धा पीएच १३ च्या आसपास असतो आणि तो अ‍ॅल्युमिनियम अक्षरशः खातो, हायड्रोजनचे बुडबुडे सुटताना दिसतात. जिथे कॉस्टिकने धुलाई होते तिथे उघडं अ‍ॅल्युमिनियम हे चुकीचंच मटेरियल आहे. इथे बाकीची तपासणी करत बसू नका, बदला. गंमत म्हणजे साध्या बिडाला तोच कॉस्टिक फारसा त्रास देत नाही. खारट हवेत अ‍ॅल्युमिनियम घ्यायचंच असेल तर मिश्रण विचारा: एडीसी १२ या डायकास्टिंगच्या मिश्रणात तांबं दीड ते साडेतीन टक्के असतं आणि तेच गंजाला आमंत्रण देतं. एलएम ६ मध्ये तांबं जवळपास नसल्याने ते खारी हवा बरीच सोसतं.

टाचणीएवढे खड्डे स्टेनलेसवर दिसतात, क्लोराइडमुळे. ब्लीच किंवा मिठाचं पाणी असेल तर ३०४ श्रेणीच्या स्टेनलेसच्या जागी ३१६ घ्या, त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं. पण हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा असतील तर ३१६ सुद्धा टिकत नाही. तिथे चांगल्या इपॉक्सी थराचं बीड स्वस्तात जास्त काळ चालतं.

लाल पापुद्रे बिडाचे. ते दिसायला वाईट, पण जाड भिंतीच्या बॉडीला त्यांनी क्वचितच मारलेलं असतं. खरं नुकसान बहुतेक वेळा आतून होतं: मोटर थंड झाली की ओलसर हवा आत ओढते, पाणी साचतं आणि वाइंडिंग किंवा बेअरिंग जाते. ड्रेन होल खरोखर सगळ्यात खाली आहे का ते पाहा. आडवी मोटर उभी बसवली की जुनं होल कडेला येतं आणि हे कोणाच्या लक्षातच येत नाही. बंद असतानाचा हीटर चालतो का तेही तपासा. कायम पाण्यात राहणाऱ्या बिडाच्या बॉडीला सुरीने खरवडून बघा. सुरी काळ्या पेन्सिलसारख्या मऊ थरात रुतली, तर लोखंड विरघळून गेलंय आणि उरलाय तो ग्रॅफाइटचा सांगाडा. वरून आकार शाबूत दिसतो, ताकद शिल्लक नसते.

बॉडी वाचवताना बारीक भाग विसरू नका. अ‍ॅल्युमिनियममध्ये उघडे स्टेनलेस बोल्ट ओल्या जागी आटे खाऊन बसतात, त्यांना अँटिसीझ पेस्ट लावा. अमोनियाच्या प्लँटमध्ये अ‍ॅल्युमिनियमची बॉडी सुखरूप राहते, पण पितळेचा केबल ग्लँड तडकतो आणि पाणी तिथून शिरतं.

कंप

इथे थोडक्यात. बीड कंप शोषतं हे खरं, पण रेझोनन्स (ठरावीक वेगाला कंप एकदम वाढणं) ते घालवत नाही. मोटर पूर्ण वेगात असताना वीज बंद करा. कंप त्याच क्षणी नाहीसा झाला तर कारण विद्युतचुंबकीय आहे. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर तो १०० हर्ट्झला दिसतो. वेगाबरोबर हळूहळू उतरला तर असमतोल, अलाइनमेंट किंवा बेअरिंग. उतरताना मध्येच एका वेगाला उसळला तर तिथे रेझोनन्स आहे, आणि बहुधा बॉडीचा नाही, खालच्या फ्रेमचा. बेसला एक आडवी पट्टी वेल्ड करून पाहणं नव्या बॉडीपेक्षा स्वस्त पडतं. ड्राइव्हमुळे बेअरिंगच्या मार्गावर पट्टे पडत असतील, तर तोही बॉडीच्या मटेरियलचा प्रश्न नाही. इन्सुलेटेड बेअरिंग आणि नीट अर्थिंग बघा.

स्फोटक वायूची जागा असेल तर

इथे निवड तुमच्या हातात पूर्णपणे नसते. गंजलेल्या लोखंडावर अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम आपटलं की दोघांत थर्माइट प्रकारची प्रक्रिया होऊन फार गरम ठिणगी उडू शकते. म्हणून आयईसी ६००७९-० कोळसा खाणीसारख्या गट १ च्या उपकरणांच्या बॉडीत अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, टायटॅनियम आणि झिर्कोनियम मिळून १५ टक्क्यांपेक्षा जास्त चालू देत नाही, आणि त्यात शेवटचे तीन मिळून साडेसात टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. म्हणजे खाणीत अ‍ॅल्युमिनियमची बॉडी बादच. रिफायनरी किंवा रंगाच्या कारखान्यातल्या गट २ च्या झोन १ साठी (जिथे नेहमीच्या कामातही कधीमधी स्फोटक वायू असू शकतो) मर्यादा फक्त मॅग्नेशियम, टायटॅनियम आणि झिर्कोनियमवर, मिळून साडेसात टक्के, आहे. नेहमीची ओतीव अ‍ॅल्युमिनियम मिश्रणं त्यात सहज बसतात.

फ्लेमप्रूफ मोटरचा तुटलेला पाय वेल्ड करणं, कव्हरचा जोड पॉलिश करणं, टर्मिनल बॉक्सला नवं भोक पाडणं हे साध्या वर्कशॉपमध्ये होऊच देऊ नका. त्या जोडाची लांबी आणि फट यांवरच आतली ज्वाळा बाहेर न येणं अवलंबून असतं. अशा मोटरची दुरुस्ती आयईसी ६००७९-१९ नुसार काम करणाऱ्या, त्यासाठी मान्यता असलेल्या दुरुस्ती केंद्राकडेच द्या.

ऑर्डर लिहिताना

'बॉडी: कास्ट आयर्न' एवढंच लिहिलं तर पंख्याचं कव्हर पत्र्याचं, टर्मिनल बॉक्स अ‍ॅल्युमिनियमचा आणि पाय बोल्टने जोडलेले येऊ शकतात, आणि उत्पादकाने काही चुकीचं केलेलं नसेल. बॉडी, दोन्ही कव्हरं, टर्मिनल बॉक्स, पंख्याचं कव्हर आणि पाय यांचं मटेरियल वेगवेगळ्या ओळींत लिहा. बिडासाठी आयएसओ १८५ ची श्रेणी, २०० किंवा २५०, आणि अ‍ॅल्युमिनियमसाठी मिश्रणाचं नाव मागा. पाय बॉडीतच ओतलेले हवेत की सुटे चालतील ते सांगा. सुटे पाय टर्मिनल बॉक्सची बाजू बदलायला सोयीचे, पण झटक्याच्या यंत्रावर त्यांचे बोल्ट सैल होतात. रंगासाठी आयएसओ १२९४४ चा वर्ग द्या, समुद्रकाठी किंवा रसायनांजवळ सी ५. आणि धुण्याचं रसायन, त्याचं प्रमाण आणि तापमान लिहा. ही ओळ बहुतेक ऑर्डरमध्ये नसतेच. शाफ्टच्या उंचीला २५० मिमीपर्यंत अर्धा मिलीमीटर कमी चालतं हेही ध्यानात असू द्या. नवी मोटर आली की जुन्या शिम तशाच न ठेवता चारही पाय डायल गेजने पुन्हा मोजून घ्या.